नानचान मंदिर (लीज्याच्वांग)

चीनच्या शान्शी प्रांतात, वूथाय तालुक्यातील लीज्याच्वांग या खेड्याजवळचे बौद्ध मंदिर. त्याचा महाबुद्ध मंडप चीनमध्ये आज उभ्या असलेल्या, कालनिश्चिती झालेल्या लाकडी इमारतींत सर्वांत जुना. तुळईवरच्या शाईच्या लेखात तांग घराण्यातील सम्राटाच्या च्यानचोंग कालगणनेचे तिसरे वर्ष, म्हणजे इ. स. ७८२, दिलेले आहे. लेख पुनर्बांधणीचा असल्याने मूळ मंदिर त्याहूनही जुने असले पाहिजे.

इ. स. ८४५ मध्ये सम्राट वूत्सोंग याने देशभरातील बौद्ध मठ पाडायला लावले. वूथाय परिसरातील मोठे मठही त्यातून सुटले नाहीत. जवळच्या फोक्वांग मठाचा आजचा मुख्य मंडप त्यानंतरचा, ८५७ चा आहे. नानचान वाचले ते बहुधा आडवाटेला आणि लहान असल्यामुळे.

मंडप तीन खण रुंद व तीन खण खोल आहे. रुंदी सुमारे पावणेबारा मीटर, खोली दहा. सर्व बारा खांब कडेने आहेत, आत एकही नाही. पुढच्या खांबांवरून मागच्या खांबांपर्यंत दोन मोठ्या तुळया सलग टाकल्या आहेत, म्हणून मूर्तींसाठी मधली जागा पूर्ण मोकळी मिळते. भिंती छताचा भार घेत नाहीत, त्या केवळ आडोसा. खांब किंचित आत कललेले आहेत आणि कोपऱ्याकडे थोडे उंच होत जातात. या कलामुळे सांगाडा बाहेर फाकत नाही. खांबांच्या माथ्यावर ठोकळे व आडवे हात एकावर एक बसवून केलेले टेकू, म्हणजे तोउकोंग, वळचण बाहेर पेलतात. पुढच्या काळातील इमारतींत दोन खांबांच्या मध्येही असे संच येतात, येथे नाहीत. आढ्याखाली उलट्या ‘व्ही’सारखी तिरप्या लाकडांची जोडी आहे. तिच्यामध्ये नंतर कोणी उभा खुंट घातला होता. दुरुस्तीत तो भार घेत नसल्याचे दिसले आणि काढून टाकण्यात आला.

छताचा उतार फार सौम्य आहे. बाहेर झुकलेल्या लांब वळचणीमुळे पावसाचे पाणी मातीच्या भिंतींपासून व खांबांच्या बुडांपासून दूर पडते. ती आखूड केली की बुडे कुजू लागतात. येथे मधल्या शतकांत वळचण कापली गेली होती.

मंदिराची नोंद १९५३ मध्ये झाली आणि १९६१ मध्ये ते राष्ट्रीय संरक्षित स्मारक ठरले. १९६६ च्या शिंगथाय भूकंपात मंडपाला हानी पोहोचली. १९७४-७५ च्या जीर्णोद्धारात वळचण पुन्हा लांबवली, दारे-खिडक्या तांग वळणाच्या केल्या, आढ्याची दोन्ही टोके त्या काळच्या नमुन्यावरून नव्याने घडवली. म्हणजे सांगाडा आठव्या शतकाचा, पण समोरून दिसणारे रूप बरेचसे विसाव्या शतकातील तज्ज्ञांच्या तर्काचे आहे. अभ्यासकाने हे दोन्ही वेगळे वाचणे आवश्यक आहे.

आत ओट्यावर शाक्यमुनी मध्यभागी बसलेले, बाजूंना सिंहावर मंजुश्री व हत्तीवर समंतभद्र हे बोधिसत्त्व, भोवती परिवार, अशा सतरा मूर्ती होत्या. अशा मूर्ती घडवताना लाकडी गाभ्यावर आधी गवताचा कूट मिसळलेली जाड माती, मग तंतू घातलेली बारीक माती चढवतात आणि शेवटी रंग देतात. दमट ओट्यातून ओल चढली की आधी गाभा कुजतो आणि मग वरची माती तडकते. १९९९ मध्ये चोरांनी काही मूर्ती पळवल्या आणि बुद्धाची पाठ फोडली. ही हानी दुरुस्तीने भरून येणारी नाही.

आवारात नागराजाचा मंडप आणि बोधिसत्त्वाचा मंडपही आहे. दोन्ही नंतरच्या मिंग-छिंग घराण्यांच्या काळातील. नागराज ही पावसाची देवता. कोरड्या शान्शीतील शेतकऱ्यांना पावसासाठी त्याचाच आधार वाटे, म्हणून या भागातील खेड्यांत बुद्धाच्या आवारातच त्याला जागा मिळालेली दिसते.