२१ दिवसांत न्यूनगंड जातो?

‘रोज सकारात्मक वाक्य म्हणा, २१ दिवसांत न्यूनगंड जातो,’ असं सोलापूरच्या अभ्यासिकांमध्ये अजूनही सांगतात. हे चूक आहे. प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी १९६० साली लिहिलं ते एवढंच, की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण किमान २१ दिवस लागतात. पुढे ‘किमान’ गळालं. लंडनमधल्या एका अभ्यासात तर साध्या सवयींनाही १८ ते २५४ दिवस असा पल्ला निघाला.

आत्मविश्वासावरच्या पुस्तकानं स्वतःबद्दलचा समज बदलू शकतो, पण त्यातला प्रयोग केला तर. उदाहरणार्थ, ‘मुलाखतीत मला बोलताच येत नाही’ हे वहीत लिहा. त्यावर किती विश्वास आहे, ते १०० पैकी मांडा. काय बिघडेल याचा अंदाजही लिहा. मग दोन मित्रांसमोर दोन मिनिटं बोला, प्रत्यक्ष काय घडलं ते नोंदवा, आकडा पुन्हा मांडा. अंदाज आधी लिहिला नाही, तर मन ‘नशिबानं जमलं’ म्हणत जुनाच समज धरून बसतं.