गावजेवण

गावजेवण : ग्रामदैवताचा उत्सव, हनुमान जयंती, जत्रा किंवा हरिनाम सप्ताहाची सांगता अशा निमित्ताने संपूर्ण गावाने सामाईक खर्चाने व सामाईक श्रमाने अन्न शिजवून ते एका ठिकाणी पंगतीने खाण्याची महाराष्ट्रातील प्रथा. देवाला नैवेद्य दाखवून हे अन्न वाढले जात असल्याने त्याला महाप्रसाद असेही म्हणतात; अनेक भागांत भंडारा हे नाव रूढ आहे. लग्नाच्या किंवा बारशाच्या जेवणात एक कुटुंब यजमान असते आणि बाकीचे पाहुणे असतात. गावजेवणात प्रत्येक घर एकाच वेळी यजमानही असते आणि पाहुणेही, आणि वर्गणीपासून उष्टी काढण्यापर्यंतची सारी आखणी हे दुहेरी नाते टिकवण्यासाठी केलेली असते.

आखणीची सुरुवात देवळात किंवा पारावर भरणाऱ्या बैठकीने होते. उत्सवाची तिथी ठरलेली असल्याने चर्चा खर्च, पदार्थ आणि कामांची वाटणी यांवरच होते. वर्गणी बहुधा उंबऱ्यामागे, म्हणजे घरटी सारखी बसवतात. काही गावांत ती जमिनीच्या प्रमाणात घेतात, तर काही ठिकाणी रोख रकमेऐवजी गहू, तांदूळ, डाळ, गूळ असा शिधा गोळा करतात. ज्याला पैसा देणे जमत नाही त्याने सरपण, पाण्याचा टँकर, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर, नाहीतर दोन दिवसांचे श्रम द्यावेत, ही सोय जुनी आहे आणि तिचे महत्त्व मोठे आहे, कारण तिच्यामुळे भूमिहीन घरही आपला वाटा उचलून मानाने पानावर बसू शकते. नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेलेली मंडळी अलीकडे वर्गणीचा मोठा भाग पाठवतात. त्यांना आणि माहेरवाशिणींना येता यावे म्हणून जेवणाची वेळ दुपारऐवजी संध्याकाळची ठेवण्याचा प्रघातही काही गावांत पडला आहे.

सात दिवस चालणाऱ्या हरिनाम सप्ताहात रोजच्या जेवणाची व्यवस्था वेगळी असते. त्या त्या दिवसाची पंगत एखादे कुटुंब, भाऊबंदांचा गट किंवा एखादी आळी आपल्याकडे घेते. यालाच पंगत घेणे किंवा पंगत देणे म्हणतात, आणि मोठ्या सप्ताहांत त्यासाठी आधीपासून नाव नोंदवून ठेवावे लागते. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन झाल्यावर होणारा महाप्रसाद मात्र साऱ्या गावाचा असतो. गोपाळांनी आपापल्या घरच्या शिदोऱ्या एकत्र कालवून श्रीकृष्णासोबत खाल्ल्या, हा काल्याचा प्रसंग या जेवणाच्या मुळाशी आहे.

किती माणसे जेवतील याचा अंदाज हा गावजेवणातील सर्वांत अवघड भाग होय, आणि तो मुख्यतः आवतणाच्या प्रकारावर अवलंबून असतो. घरटी एका माणसाचे आवतण असेल तर आकडा जवळजवळ निश्चित असतो. चूलबंद आवतण असेल, तर त्या दिवशी कोणत्याही घरी चूल पेटवायची नाही आणि तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यांपर्यंत, घरी आलेल्या पाहुण्यांसह सर्वांनी जेवायला यायचे, असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी शेजारच्या वाड्यावस्त्या, फिरते विक्रेते, ऊसतोड मजूर, भजनी मंडळे आणि वाटसरू यांचाही हिशेब धरावा लागतो. नुसत्या भाताचे पाहिले तर एक किलो तांदळात साधारण आठ ते दहा माणसे जेवतात. भाकरी किंवा पुरी सोबत असेल तर हे प्रमाण बदलते. अनुभवी आचारी सगळा तांदूळ एकदम शिजवत नाही. तो आधण उकळते ठेवतो, पहिल्या दोन पंगतींचा वेग पाहतो आणि मगच पुढचा तांदूळ वैरतो. अन्न कमी पडण्याची नामुष्की आणि अन्न वाया जाण्याचे पाप ही दोन्ही टाळणारी ही रीत कोणत्याही कागदी आकडेमोडीपेक्षा भरवशाची आहे.

पदार्थ निवडताना मोठ्या प्रमाणात शिजवता येणे, लवकर वाढता येणे आणि गरिबातल्या गरीब घराच्या सवयीचे असणे या तीन कसोट्या लावल्या जातात. खानदेशात वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, विदर्भात रोडगे आणि वांग्याची भाजी, कोल्हापूर-सांगलीकडे गव्हाची खीर, भात आणि आमटी, तर मराठवाड्यात वरण, भात, भाजी आणि बुंदी असे बेत वारंवार दिसतात. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील आणे येथे रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला होणारा आमटी-भाकरीचा महाप्रसाद प्रसिद्ध आहे. गोदावरीच्या पात्रातील सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतील सप्ताह दर वर्षी वेगळ्या ठिकाणी भरतो. तेथे आमटी मोठमोठ्या कढयांत शिजते आणि भाकरी मात्र परिसरातील गावांच्या घराघरांतून येतात. हजारो भाकरी एका जागी थापणे जवळजवळ अशक्य असते, पण प्रत्येक घराने आपल्या तव्यावर थोड्या थोड्या भाजल्या तर काम सहज होते आणि प्रत्येक घराचा हात त्या अन्नाला लागतो. नियोजनाची याहून सुंदर युक्ती या प्रथेत दुसरी नाही. बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखोंच्या समुदायाला ओळीने बसवून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. पंगती इतक्या लांब असतात की वाढपासाठी ट्रॅक्टर वापरावे लागतात.

स्वयंपाकासाठी मोकळ्या जागेत चर खणून चुली घालतात. कढया, पातेली, झारे, बादल्या आणि ओगराळी (पातळ पदार्थ वाढायचे दांड्याचे डाव) ही भांडी बहुधा देवस्थानच्या मालकीची असतात आणि त्यांवर दात्यांची नावे कोरलेली असतात. वाढपी तरुणांत पदार्थ वाटून दिले जातात, म्हणजे एकाने फक्त भात, दुसऱ्याने फक्त वरण न्यायचे. सर्व पानांवर सर्व पदार्थ पोचल्यावर श्लोक आणि देवाचा जयजयकार होतो, मगच पहिला घास घेतला जातो; शेजारचा जेवून होईपर्यंत पंगतीतून उठायचे नाही, हा संकेत अजूनही पाळला जातो.

एकत्र जेवणाच्या या प्रथेचा इतिहास मात्र निर्मळ नाही. दीर्घकाळ गावजेवणाची पंगत ही जातीची उतरंड उघड दाखवणारी जागा होती. अस्पृश्य मानलेल्या समाजांना दूर बसवले जाई, त्यांना शेवटी वाढले जाई, आणि त्यांच्याकडून सरपण फोडण्यासारखी कष्टाची कामे घेतली तरी स्वयंपाकाला हात लावू दिला जात नसे. विसाव्या शतकात सहभोजनाच्या, म्हणजे सर्व जातींनी एका पंगतीत जेवण्याच्या, चळवळींनी या व्यवस्थेला आव्हान दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये स्थापन झालेल्या समाज समता संघाने सहभोजने घडवून आणली, आणि रत्नागिरीत वि. दा. सावरकरांनीही अशी सहभोजने आयोजित केली. १९५० मध्ये अमलात आलेल्या संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू झाला असून, एखाद्या कुटुंबाला सामाजिक किंवा धार्मिक कार्यक्रमात भाग घेण्यापासून रोखणे हा त्यानुसार गुन्हा आहे. तरीही गावजेवण खरोखर साऱ्या गावाचे आहे की नाही, हे ओळखायचे तर पंगतीत कोण बसले एवढेच पाहून भागत नाही. चुलीपाशी कोण होते आणि ओगराळे कोणाच्या हाती होते, हेही पाहावे लागते.

स्त्रियांच्या वाट्याचा विचारही याच अंगाने करायला हवा. भाज्या चिरणे, धान्य निवडणे, भाकरी थापणे ही कामे प्रामुख्याने त्या करतात, परंतु बैठकीत निर्णय घेणाऱ्यांत त्या क्वचितच असतात आणि अनेक ठिकाणी त्यांची पंगत सर्वांत शेवटी बसते. स्त्रिया आणि मुलांची पंगत आधी बसवण्याची रीत काही गावांनी स्वीकारली आहे. ती सर्वत्र रुजायला हवी, कारण शेवटच्या पंगतीला अन्न थंडही झालेले असते आणि पुष्कळदा तोकडेही पडते.

अन्नाच्या सुरक्षिततेचा प्रश्न गंभीर आहे. शिजलेले अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिले तर त्यात जंतूंची वाढ होत नाही. कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिलेला भात किंवा दुधाचा पदार्थ मात्र शेकडो जणांना एकाच वेळी आजारी पाडू शकतो. उपवासाच्या दिवशीच्या प्रसादात ओलसर, जुन्या भगरीच्या पिठामुळे विषबाधा होण्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम २०११ पासून लागू झाले. धार्मिक किंवा सामाजिक समारंभात अन्नवाटप करणाऱ्यांनाही त्यांनुसार नोंदणी लागते. २०१८ च्या राज्यातील प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीनंतर थर्माकोलच्या ताटांना मनाई झाली. त्यांच्या जागी पत्रावळी, द्रोण किंवा देवस्थानने विकत घेतलेली स्टीलची ताटे वापरली जातात. ताटे वापरली की ती घासण्यासाठी पाणी आणि माणसे यांची तजवीज आधीच करावी लागते.

जेवण आटोपल्यावर अंथरुणाला खिळलेल्यांचे आणि बाळंतिणींचे डबे घरोघर पोचवले जातात, उरलेले अन्न त्याच रात्री वस्त्यांवर वाटतात, आणि उष्टे-खरकटे गुरांसाठी किंवा खतासाठी वेगळे काढतात. पुढच्या काही दिवसांत जमा-खर्चाचा हिशेब देवळात वाचला जातो किंवा तेथील फळ्यावर लावला जातो. शिल्लक राहिलेल्या रकमेतून बहुधा नवी भांडी घेतली जातात, आणि पुढच्या वर्षीच्या पंगतींसाठी नावे घ्यायला त्याच बैठकीत सुरुवात होते.