शेपटीच्या टोकावरून येणारी हाक

फिश टँकमधील एका माशाने दुसऱ्याच्या शेपटीचा लचका तोडला की दुकानदार ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ औषधाची बाटली पुढे करतो. माझ्याकडच्या एका झेब्राफिशच्या शेपटीला अशी खाच पडली, तेव्हा मीही ती बाटली आणली होती. परंतु तिचे सील फोडायचे राहून गेले आणि दोनेक आठवड्यांत खाच आपोआप भरून आली. नेमकी कोणती शक्ती, कोणत्या पेशीची आणि किती वाढते, हे अशा बाटल्यांवर कधीच लिहिलेले नसते, मग त्या माशांसाठी असोत वा माणसांसाठी.

माशासारख्या साध्या जिवाला प्रतिकारशक्ती ती कसली, हा समजही तितकाच निराधार आहे. वाम धरताना बोटांना राख लावावी लागते ती ज्या बुळबुळीत थरामुळे, त्या थरातच जंतूंना मारणारी विकरे आणि प्रतिपिंडे असतात. माशांच्या हाडांत आपल्यासारखी रक्त घडवणारी मज्जा नसते. पांढऱ्या पेशी घडवण्याचे काम त्यांचे मूत्रपिंड करते. झेब्राफिशच्या पिल्लात प्रतिपिंडांची यंत्रणा सज्ज व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्याची सारी भिस्त जंतू गिळणाऱ्या दोन प्रकारच्या पेशींवर असते: चपळ न्यूट्रोफिल आणि सावकाश येणाऱ्या, पण टिकून राहणाऱ्या मॅक्रोफेज.

तीन दिवसांचे हे पिल्लू तांदळाच्या कणीएवढे आणि काचेसारखे पारदर्शक असते. त्याच्या शेपटीचे टोक कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर हिरवे चमकणारे प्रथिन घातलेले न्यूट्रोफिल पुढचा भाग लांबवत, मागचे अंग ओढून घेत, ऊतींच्या फटींतून जखमेकडे सरपटताना दिसतात. पण इतक्या दूरवर त्यांना जखमेची वर्दी देतो कोण?

२००९ साली फिलिप नीटहॅमर आणि टिमोथी मिचिसन यांच्या गटाने, हायड्रोजन पेरॉक्साइड भेटताच चमक बदलणारे एक प्रथिन पिल्लांच्या पेशींत घालून, याचे उत्तर शोधले. टोक कापल्यावर काही मिनिटांतच जखमेच्या कडेवरील त्वचापेशी ड्युऑक्स या विकराच्या साहाय्याने हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागल्या; कडेला दाट आणि आत विरळ होत जाणारा त्याचा पट्टा सुमारे वीस मिनिटांत शिगेला पोहोचला, आणि पहिली पांढरी पेशी जखमेपाशी आली ती हा पट्टा उमटल्यानंतरच. ड्युऑक्स बंद पाडल्यावर पेशींचे येणे ठळकपणे घटले. औषधाच्या दुकानात जखम धुण्यासाठी मिळणारे द्रावण हेच असले, तरी शेपटीतील त्याचे प्रमाण बाटलीच्या तुलनेत हजारो पटींनी कमी असते. तेथे ते जंतुनाशक नसून निरोप्या असते.

हा निरोप न्यूट्रोफिलमधील लिन नावाचे प्रथिन वाचते, हे २०११ मध्ये कळले. लिनच्या साखळीतील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या एका ठरावीक दुव्यावरचा गंधक-अणू पेरॉक्साइडमुळे ऑक्सिडीकृत होतो, त्यामुळे लिन कार्यान्वित होते आणि पेशीची हालचाल जखमेच्या दिशेने वळते.

दुसरा निरोप तर चक्क पाण्यातून येतो. गोड्या पाण्यात क्षार अत्यल्प आणि माशाच्या अंगात पुष्कळ, म्हणून त्वचा फाटताच बाहेरचे पाणी आत शिरते, कडेच्या पेशी व त्यांची केंद्रके फुगतात, आणि त्या ताणाने एक विकर केंद्रकाच्या आवरणाला चिकटून तेथील मेदापासून संदेशरसायने बनवू लागते. पाण्यातील क्षार शरीरातील क्षारांइतके केले, की पेशींचे जखमेकडे धावणे मंदावते. (यावरून टँकमधल्या चिमूटभर मिठाला दोष देऊ नये, प्रयोगातील क्षारांचे प्रमाण त्याहून कितीतरी अधिक असते.)

काम उरकलेले अनेक न्यूट्रोफिल तेथेच न मरता आल्या वाटेने परतताना याच पिल्लांत दिसले आहेत.

मात्र गिळणे म्हणजे मारणे नव्हे. क्षयजंतूंचा भाऊबंद असलेला मायकोबॅक्टेरियम मरीनम मॅक्रोफेजच्या पोटात जिवंत राहतो. त्याच्याभोवती मॅक्रोफेजची गाठ जमते, आणि ललिता रामकृष्णन यांच्या गटाने झेब्राफिशमध्ये दाखविल्याप्रमाणे, त्या गाठीतून बाहेर पडणाऱ्या मॅक्रोफेजच जंतूला नव्या जागी घेऊन जातात. टँक साफ करताना बोट कापलेले असेल, तर हाच जंतू माणसाच्या त्वचेतही गाठी उठवतो. त्याला तिशीच्या आसपासचे तापमान मानवते, त्यामुळे तो बहुधा हाताबोटांसारख्या तुलनेने थंड भागांतच मुक्काम करतो.