भोक पडद्याला, दुरुस्ती सगळ्या नाकाची

नाकाची पहिली शस्त्रक्रिया होऊन वर्ष-दोन वर्षं उलटलेली असतात. दांडा मधेच खचल्यासारखा दिसू लागतो, शेंडा खाली उतरतो, श्वास घेताना बारीक शिट्टी वाजते. आत खपल्या धरतात, त्या निघाल्या की घोळणा फुटतो. दुर्बिणीतून तपासल्यावर कळतं की दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याला आरपार छिद्र पडलंय. रुग्ण आलेला असतो आकार सुधारून घ्यायला, म्हणजे रिव्हिजन राइनोप्लास्टीसाठी. पण आता डॉक्टरांपुढे दोन दुरुस्त्या असतात, आणि दोन्हींना लागणारा माल एकच असतो: नाकाच्या आतलं अस्तर आणि कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग. हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत हे उमगायला वैद्यकाला बराच काळ लागला.

छिद्र पडतं कसं, हे आधी समजून घ्यायला हवं. पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या दोन्ही बाजूंना घट्ट चिकटलेलं आवरण आणि त्यावरची श्लेष्मल त्वचा हेच तिचं पोषण. एका बाजूचं अस्तर फाटलं तर दुसरी बाजू कूर्चेला सांभाळून घेते. दोन्ही बाजूंचं अस्तर समोरासमोर फाटलं, किंवा मार लागून आवरणाखाली रक्त साचलं आणि वेळेवर काढलं गेलं नाही, तर मधली कूर्चा मरते. तिथे भोक पडतं. पुढच्या भागातलं लहान भोक शिट्टी वाजवतं, मोठ्या भोकाच्या कडांवर हवा आपटत राहते आणि त्या कोरड्या पडून खपल्या धरतात. मागच्या बाजूचं भोक अनेकदा जाणवतही नाही, कारण तिथे पोहोचेपर्यंत हवा ओलसर झालेली असते. स्वीडनमधल्या एका पाहणीत सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे ०.९ टक्के लोकांना असं छिद्र आढळलं होतं.

शस्त्रक्रियेमुळे भोकं पडू लागली त्याच्या कितीतरी आधी ती आजारांमुळे आणि कामाच्या जागेमुळे पडत होती. सिफिलिस पडद्याचा हाडाचा भाग खायचा आणि त्याबरोबर नाकाचा आधारच जायचा. बसकं नाक हे त्या आजाराचं ओळखीचं लक्षण होतं, आणि तशी नाकं असलेल्यांना समाजात फार सोसावं लागलं. एकोणिसाव्या शतकात क्रोमेट बनवणारे कारखाने उभे राहिले आणि तिथल्या कामगारांच्या पडद्याला वेगळ्याच प्रकारची छिद्रं पडू लागली. क्रोमियमची धूळ पुढच्या कूर्चेवर बसायची, व्रण व्हायचा आणि बघता बघता आरपार भोक. ते बहुधा दुखायचं नाही, त्यामुळे कित्येक कामगारांना आपल्या नाकात छिद्र आहे याची कल्पनाही नसायची. बाहेरून नाक मात्र सरळच राहायचं, कारण कूर्चेची वरची आणि पुढची कड शाबूत असे. नाक कशावर उभं असतं याचा धडा या कामगारांच्या नाकांत कधीचाच लिहिलेला होता, असं मला वाटतं.

१८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत कोकेनचा बधिरीकरणासाठी उपयोग दाखवला आणि नाकाच्या शस्त्रक्रियेचं रूपच पालटलं. कोकेनने नाक बधिर होतं, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव कमी होतो आणि आतलं दिसू लागतं. पण तेच कोकेन हुंगणाऱ्यांच्या पडद्याचा रक्तपुरवठा पुन्हा पुन्हा तोडत होतं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अशा छिद्रांची नोंद होऊ लागली.

पडद्याच्या आधुनिक शस्त्रक्रियेत दोन नावं टाळता येत नाहीत. शिकागोचे ऑटो फ्रीअर यांनी १९०२ मध्ये आणि फ्रायबुर्गचे गुस्टाव किलियन यांनी १९०४ मध्ये एकच मार्ग मांडला: अस्तर दोन्ही बाजूंनी सोडवायचं, मधली वाकडी कूर्चा आणि हाड काढून टाकायचं, आणि अस्तर परत जागेवर बसवायचं. ज्याला लोक आजही ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतात, त्या तक्रारीवरचा तो मोठा उपाय ठरला. दांड्याखाली आणि पुढच्या कडेला कूर्चेची सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी राखावी, हा किलियन यांचा आग्रह होता. ही इंग्रजी एल अक्षरासारखी पट्टी म्हणजे नाकाचा तंबू तोलून धरणारा खांब आणि आडवं लाकूड.

पद्धत जगभर पसरली तशी तिची किंमतही दिसू लागली. कूर्चा काढल्यावर मागे उरतात त्या अस्तराच्या दोनच पातळ घड्या. सोडवताना त्या समोरासमोर फाटल्या तर मधे अडवायला काहीच नाही. पट्टी अरुंद ठेवली तर काही काळाने दांडा खचतो. श्वासाचा त्रास मिटवायला केलेल्या उपायातून पडद्याला भोक आणि खचलेलं नाक अशी जोडी तयार झाली. आजच्या रिव्हिजन रुग्णांचा मोठा गट याच वाटेने आलेला असतो. यासाठी त्या पिढीला दोष द्यावासा वाटत नाही. डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, अरुंद नाकपुडीतून त्यांनी जे साधलं ते थोडं नव्हतं.

आकाराची शस्त्रक्रिया याच काळात वेगळ्या वाटेने चालली होती. अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे जॉन ऑर्लंडो रो यांनी १८८७ मध्ये नाकाच्या आतून, बाहेर वण न ठेवता शेंडा सुधारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बर्लिनमध्ये याकोब योजेफ यांनी १८९८ मध्ये मोठ्या नाकाची आपली पहिली शस्त्रक्रिया केली आणि पुढची कित्येक दशकं या विषयावर त्यांची छाप राहिली. १९११ मध्ये किलियनही बर्लिनला आले. नाकाचा पडदा आणि नाकाचा आकार या दोन्ही विषयांतले अग्रणी आता एकाच शहरात होते. तरीही पुढे बराच काळ श्वास एका डॉक्टरचा आणि दिसणं दुसऱ्याचं, अशीच वाटणी राहिली.

ती मोडायला सुरुवात झाली मॉरिस कॉटल यांच्यामुळे. शिकागोच्या या सर्जननी चाळीस आणि पन्नासच्या दशकांत आग्रहाने सांगितलं की कूर्चा काढून टाकू नका, सोडवा, सरळ करा आणि परत बसवा. पडदा, दांडा आणि शेंडा ही एकच रचना आहे, हा त्यांचा मुद्दा होता. दुसरं वळण आलं चिरेमुळे. बुडापेस्टचे आउरेल रेती यांनी १९३४ मध्ये दोन नाकपुड्यांमधल्या दांडीवर आडवी चीर देऊन नाक उघडण्याची पद्धत मांडली होती. ती बराच काळ मागे पडली. टोरोंटोच्या विल्फ्रेड गुडमन यांनी १९७३ मध्ये तिच्यावर लेख लिहिल्यावर उत्तर अमेरिकेत तिने मूळ धरलं. शेंड्यावरची त्वचा वर उचलली की पडद्याची वरची कड थेट समोर येते, आणि छिद्राभोवतीचं अस्तर चारही बाजूंनी, दोन्ही हातांनी, दिसत असताना सोडवता येतं.

छिद्र बुजवण्याचे प्रयत्न त्याआधीही होत होते. सिलिकॉनची दोन तबकड्यांची बटणं छिद्रात बसवली जात, अजूनही जातात, आणि शस्त्रक्रिया न झेपणाऱ्याला त्यांचा खरा आधार असतो. शस्त्रक्रियेने बुजवायला गेलं की मात्र टाके सुटायचे, कारण नुसत्या कडा ओढून शिवल्या की ताण येतो. डेव्हिड फेअरबँक्स यांनी १९७० पासूनच्या कामात एक रीत पक्की केली. अस्तराच्या लांब पट्ट्या दोन्ही टोकांना जोडलेल्या ठेवायच्या म्हणजे रक्तपुरवठा टिकतो, त्या छिद्रावर सरकवायच्या, आणि दोन बाजूंच्या शिवणींमध्ये कानशिलावरच्या स्नायूचं पातळ आवरण घालायचं. मधला थर असला की एका बाजूचा टाका उसवला तरी भोक परत आरपार होत नाही. ह्यूस्टनचे रसेल क्रिडेल आणि सहकारी यांनी १९८६ मध्ये हीच तत्त्वं उघड्या राइनोप्लास्टीच्या मार्गाने राबवून दाखवली. छिद्र आणि आकार, दोन्ही एका टेबलावर आले ते इथे.

आणि इथेच या विषयाची खरी अडचण उघडी पडली. ती अस्तराच्या हिशोबाची आहे. पट्ट्या नाकाच्या तळाकडून वर आणि दांड्याकडून खाली सरकवाव्या लागतात, म्हणून छिद्राच्या लांबीपेक्षा त्याची उंची जास्त त्रास देते. रुग्णाच्या दांड्यावर उंचवटा असेल आणि तो कमी करायचा असेल, तर नाकाची उंची घटते, अस्तर सैल पडतं, छिद्र बुजवणं सोपं होतं. पण रिव्हिजनचे बहुतेक रुग्ण उलट्या परिस्थितीत असतात. दांडा खचलेला असतो, तो वर उचलायचा असतो, आखडलेलं नाक लांब करायचं असतं, म्हणजे अस्तर ताणायचं असतं. आणि नेमकं तेच अस्तर छिद्रासाठी सैल हवं असतं. त्यात पहिल्या शस्त्रक्रियेचा वण. दोन बाजूंची अस्तरं मधे कूर्चा नसल्याने एकमेकांना चिकटलेली असतात, आणि ती सुटी करताना भोक मोठं होण्याची भीती असते. म्हणूनच मागची शस्त्रक्रिया होऊन निदान सहा महिने, बहुधा वर्षभर, ऊतक मऊ होईपर्यंत थांबायला सांगतात. रुग्णाला ते वर्ष फार लांब वाटतं, हे खरं.

कूर्चेची उणीव दुसरीकडून भरून काढतात. पडद्याची कूर्चा संपलेली असते, कानाची वाकडी आणि मऊ असते, म्हणून मोठ्या दुरुस्तीत बरगडीकडे जावं लागतं. बरगडीची कूर्चा कोरल्यावर वाकते ही जुनी डोकेदुखी. १९५८ मध्ये गिब्सन आणि डेव्हिस यांनी दाखवलं की दोन्ही बाजूंनी सारखी कोरून गाभ्याचा भाग वापरला तर वाकणं टाळता येतं. पुढे बारीक तुकडे केलेली कूर्चा स्नायूच्या आवरणात गुंडाळून दांड्यावर ठेवण्याची पद्धत आली. पडद्यात मधला थर म्हणून प्रक्रिया केलेली मानवी त्वचा आणि विरघळणाऱ्या पॉलिडायॉक्सनोनचा पातळ पत्रा वापरात आले. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा नकाशा नेमका केला, आणि आता छतालगतच्या एकाच धमनीवर पोसलेला अस्तराचा मोठा तुकडा फिरवून छिद्रावर आणता येतो.

हे सगळं हाती असूनही पहिला प्रश्न कारणाचाच राहतो. रक्तवाहिन्यांना सूज आणणारे ग्रॅन्युलोमॅटोसिससारखे आजार चालू असतील, किंवा कोकेन सुटलेलं नसेल, तर उत्तम शिवणही टिकत नाही. त्यामुळे आधी रक्ताच्या तपासण्या, संशय असेल तिथे ऊतकाचा तुकडा काढून तपासणी, आणि आजार शांत होईपर्यंत वाट. सगळी छिद्रं बुजवावी लागतात असंही नाही. मागचं, त्रास न देणारं छिद्र तसंच ठेवून आकार दुरुस्त करता येतो. फार मोठं असेल तर काही सर्जन आधी आधार आणि आकार उभा करतात, आणि खपल्यांसाठी खारं पाणी, मलम किंवा बटण यांवर भागवतात. दोन्ही एकत्र केलं असेल तर पडद्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनचे पातळ पत्रे शिवून ठेवतात, साध्या शस्त्रक्रियेपेक्षा जास्त दिवस, दोन-तीन आठवडे किंवा त्याहूनही अधिक. ते निघतात तेव्हाच डॉक्टरला आणि रुग्णाला पहिल्यांदा कळतं की अस्तर धरलंय की नाही.