गाळणीवर राहिलेले महाविषाणू

विषाणूची पहिली ओळख सूक्ष्मदर्शकाने नव्हे, तर गाळणीने पटवली. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस चिनी मातीच्या अतिसूक्ष्म गाळणीतून गाळला आणि जिवाणूंना अडवणाऱ्या त्या गाळणीतून उतरलेला रसही निरोगी रोपांना रोग लावतो, हे दाखवून दिले. तेव्हापासून गाळणीतून खाली उतरेल तो विषाणू आणि वर राहील तो जिवाणू, ही वाटणी प्रयोगशाळांच्या इतकी अंगवळणी पडली की पाण्यातले विषाणू शोधणारेही नमुना आधी ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढत आणि वर राहिलेला गाळ बाजूला सारत. अमिबांना ग्रासणारे आणि जिवाणूंएवढे मोठे असल्याने गाळणीवरच राहणारे महाविषाणू शंभराहून अधिक वर्षे नजरेआड राहिले, त्याचे मुख्य कारण माझ्या मते हेच आहे.

१९९२ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा टिमोथी रोबोथम हे कूलिंग टॉवरच्या पाण्यातील अमिबा तपासत होते. न्यूमोनियाला कारणीभूत ठरणारा लिजिओनेला हा जिवाणू अमिबाच्या आत वाढतो, हे त्यांनीच १९८० मध्ये दाखवले होते. या वेळी त्यांना अमिबाच्या पेशीत निराळेच गोल ठिपके दिसले. जिवाणू ओळखण्याच्या ग्रॅमच्या पद्धतीत काचपट्टीवर जांभळा रंग घालतात, त्यावर आयोडीन देतात आणि मग ती अल्कोहोलने धुतात. एवढे करूनही या ठिपक्यांनी जांभळा रंग धरून ठेवला. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारी आणि रंग धरणारी गोल वस्तू म्हणजे जिवाणूच, असे मानून तिचे नाव ‘ब्रॅडफर्डकॉकस’ ठेवण्यात आले. त्या काळी कोणीही हेच म्हटले असते. नमुना फेकून न देता जपून ठेवला गेला, हे मोलाचे.

पुढे तो नमुना फ्रान्समधील मार्सेय येथे पोहोचला. प्रत्येक जिवाणूत सापडणारे रायबोसोमचे, म्हणजे पेशीत प्रथिने घडवणाऱ्या यंत्राचे, जनुक त्यात काही केल्या सापडेना. अखेर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वीस पैलूंचे कवच आणि त्याभोवती तंतूंची दाट लव दिसली, आणि हा विषाणूच असल्याचे उघड झाले. बर्नार्ड ला स्कोला, दिदिए राऊल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तो ‘मिमीव्हायरस’ या नावाने जाहीर केला. सूक्ष्मजीवाची नक्कल करणारा, म्हणून मिमी. पुढच्याच वर्षी त्याचा सुमारे १२ लाख बेस-जोड्यांचा (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचा) जनुकसंच वाचला गेला. काही जिवाणूंचा जनुकसंच याच्या निम्माही नसतो.

इथे आकारच विषाणूच्या कामी येतो. अमिबा जिवाणू गिळून जगतो आणि जिवाणूएवढा हा कणही तो भक्ष्य समजून आत घेतो. मग कवचाच्या एका टोकाला असलेले पाच पाकळ्यांचे तारकाकृती दार उघडते, जनुकद्रव्य पेशीरसात उतरते, तिथे नव्या विषाणूंचा कारखाना उभा राहतो आणि काही तासांत अमिबा फुटतो. २००८ मध्ये तर या कारखान्यावरच पोसणारा ‘स्पुटनिक’ हा चिमुकला विषाणूही सापडला. विषाणूलाही परजीवी असतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

त्यानंतर वैविध्य झपाट्याने उलगडले. २०१३ मध्ये जाहीर झालेले पँडोराव्हायरस चिलीच्या किनाऱ्यावर आणि मेलबर्नजवळच्या तळ्यात मिळाले; त्यांचा आकार बुधल्यासारखा, त्यांतील मोठ्याचा जनुकसंच सुमारे २५ लाख बेस-जोड्यांचा आणि बहुतेक जनुके आधी कुठेच न आढळलेली. सैबेरियाच्या ३० हजार वर्षांहून जुन्या गोठलेल्या जमिनीतून आलेला पिथोव्हायरस दीड मायक्रोमीटर लांब असूनही त्याचा जनुकसंच मात्र जेमतेम ६ लाखांचा आहे. ब्राझीलचा शेपटीधारी तुपानव्हायरस प्रथिननिर्मितीची जवळजवळ सगळी सामग्री बाळगतो, फक्त रायबोसोम नाही. हे विषाणू म्हणजे जिवाणू, आर्किया आणि केंद्रकयुक्त पेशींचे सजीव या तीन शाखांपलीकडची सजीवांची चौथी शाखा, असा दावा काहींनी केला होता. पण २०१७ मध्ये ऑस्ट्रियातील सांडपाण्यातून मिळालेल्या क्लोस्नूव्हायरसच्या अभ्यासाने, ही सामग्री यजमान पेशींकडून थोडीथोडी उचललेली असावी, याकडे बोट दाखवले. मला हेच अधिक पटते.

या शोधात मुंबईचाही वाटा आहे. आयआयटी मुंबईतील किरण कोंडबागिल यांच्या गटाने शहराच्या सांडपाण्यातून ‘मिमीव्हायरस बॉम्बे’ आणि पवई तलावातून मिमीव्हायरसच्याच नात्यातल्या मेगाव्हायरसचा एक प्रकार वेगळा केला. दोन्हींचे जनुकसंच २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये याच गटाला सांडपाणी, तलाव, प्रक्रिया केंद्र आणि महापालिकेचा पाणीपुरवठा अशा चारही ठिकाणच्या नमुन्यांत महाविषाणूंच्या जनुकीय खुणा आढळल्या.