प्रकाशयोजना शिकायचीय की तंत्रज्ञानाचा अभ्यास करायचाय?

नाटक आणि नृत्याच्या विद्यापीठीय शिक्षणाचा विषय निघाला की एक घोळ हमखास समोर येतो. एका अभ्यासक्रमाचं नाव 'रंगतंत्र' किंवा 'नेपथ्य आणि प्रकाशयोजना' असतं, दुसऱ्याचं 'रंगभूमी, नृत्य आणि तंत्रज्ञान अभ्यास'. दोन्हीकडे दिवे आहेत, प्रोजेक्टर आहे, संगणक आहे. म्हणजे दोन्ही एकच असणार, असं धरून अर्ज भरले जातात. सत्र निम्मं झालं की एकाची तक्रार, 'इथे लिहायलाच फार लावतात', आणि दुसऱ्याची, 'इथे नुसत्या केबली गुंडाळतोय'. दोघंही मेहनती असतात, पण दोघंही चुकीच्या वर्गात बसलेले असतात.

रंगतंत्राबद्दल फार सांगायची गरज नाही. ज्यानं एखाद्या प्रयोगाचं बॅकस्टेज केलंय त्याला ते ठाऊक आहे. सेट उभा करणं, दिवे टांगून फोकस करणं, ध्वनी, वेशभूषा, आणि विंगेत उभं राहून सगळ्यांना क्यू, म्हणजे ठरलेल्या क्षणाचा इशारा, देणारं रंगमंच व्यवस्थापन. दिव्यांना दुरून हुकूम देण्यासाठी 1986 साली ठरलेल्या डीएमएक्स 512 या पद्धतीत एका लाइनवर 512 चॅनेल असतात आणि प्रत्येकाला 0 ते 255 यांतली किंमत देता येते. इतक्या काटेकोर साधनांनी दिग्दर्शकाला हवी असलेली संध्याकाळ पाडायची असते, आणि ती प्रत्येक प्रयोगाला त्याच वाक्यावर, त्याच वेगानं पडली पाहिजे. रात्री शेवटचा क्यू गेला, काही चुकलं नाही, की काम चोख झालं. ही अवघड आणि मानाची कारागिरी आहे.

खरा गोंधळ पुढे आहे. तो मिटवायला लोक एक सोपं उत्तर देतात, 'एक प्रात्यक्षिक आहे, दुसरं थिअरी'. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते चूक आहे आणि त्यावर विसंबून मुलं वर्षं घालवतात. तंत्रज्ञान अभ्यासाच्या चांगल्या वर्गातही विद्यार्थी शिडीवर चढतो, वायर जोडतो, कोड लिहितो, तालमीत घाम गाळतो. उलट रंगतंत्राच्या विद्यार्थ्याला वीजसुरक्षेपासून रंगभूमीच्या इतिहासापर्यंत भरपूर वाचावं लागतं. फरक पडतो तो समोरच्या यंत्राला तुम्ही काय विचारता यानं.

एकच खोली घ्या. एक नर्तकी, एक कॅमेरा, एक प्रोजेक्टर. काम असं की ती हलेल तशी मागच्या पडद्यावर प्रकाशाची एक रेघ तिच्यामागून जावी. रंगतंत्राचा विद्यार्थी आधी प्रोजेक्टरची जागा ठरवतो, म्हणजे झोत तिच्या डोळ्यांत जाणार नाही आणि विंगेवर उजेड सांडणार नाही. मग त्याला एक नेहमीची अडचण भेटते. प्रोजेक्टरनं टाकलेली रेघ कॅमेऱ्यालाही दिसते, तो तिलाच हालचाल समजतो आणि चित्र स्वतःच्याच मागे धावू लागतं. उपाय ठरलेला आहे. खोलीत इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे, दिवे लावायचे आणि कॅमेऱ्यावर दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर बसवायचा. मग कॅमेऱ्याला नर्तकी दिसते, रेघ दिसत नाही. हालचाल आणि चित्र यांच्यामधला उशीर जितका कमी करता येईल तितका करायचा. रंगीत तालमीत रेघ न तुटता चालली की काम संपलं.

तंत्रज्ञान अभ्यासाच्या विद्यार्थ्यालाही इथवर यावंच लागतं, पण त्याचं काम इथून सुरू होतं. काही तालमी झाल्या की त्याच्या लक्षात येतं, नाच बदललाय. नर्तकी आता मोठ्या, पसरट, आडव्या हालचाली जास्त करतेय, कारण त्यांनाच रेघ झकास उमटते. कॅमेऱ्याकडे सरळ चालत येणं, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर हळूच नेणं, बोटांची बारीक हालचाल, मान किंचित वळवणं हे सगळं गळत चाललंय. तिला कुणी तसं सांगितलेलं नाही. यंत्राला जे दिसत नाही ते शरीरानं आपणहून सोडून दिलं. मग ही नृत्यरचना कुणाची? तिची, रचनाकाराची, की कुठली हालचाल मोजायची हे आधीच ठरवून ठेवणाऱ्या प्रोग्रामची?

उशिराचंही तसंच. रंगतंत्रात तो दोष असतो आणि घालवायचा असतो. इथे तोच विषय होतो. विद्यार्थी मुद्दाम उशीर वाढवतो, आधी पाव सेकंद, मग एक, मग दोन. थोड्या उशिराला नर्तकी चडफडते आणि रेघेची वाट बघत संथ होते. दोन सेकंदांना ती रेघ तिची राहत नाही, जोडीदार होते. ती एक हालचाल टाकते, थांबते, आणि मागून येणाऱ्या स्वतःच्याच हालचालीला उत्तर देते. विद्यार्थी हे टिपून ठेवतो, चित्रित करतो, इतरांनी याच प्रश्नावर केलेल्या कामाशेजारी मांडतो आणि आपलं म्हणणं सिद्ध करतो. सादरीकरणाच्या दिवशी रेघ तुटली म्हणून त्याचे गुण जात नाहीत. ती तुटल्यावर काय कळलं हे सांगता आलं नाही तर जातात.

या फरकाचं ठसठशीत उदाहरण 1966 सालचं आहे. न्यू यॉर्कमधल्या एका लष्करी कवायतगृहात 10 कलावंत आणि बेल लॅब्ज या दूरध्वनी कंपनीच्या संशोधन संस्थेचे सुमारे 30 अभियंते एकत्र आले आणि त्यांनी नऊ संध्याकाळी प्रयोग केले. अभियंता बिली क्लूव्हर त्याच्या मुळाशी होता. उपकरणं अनेकदा दगा देत होती, प्रेक्षक ताटकळत होते. रंगतंत्राच्या मोजमापानं हे साफ फसलेलं काम. तंत्रज्ञान अभ्यासात मात्र त्या संध्याकाळी आजही शिकवल्या जातात, कारण अभियंता आणि कलावंत एकमेकांचं काम कसं बदलतात ते तिथे उघड्यावर घडलं. अमेरिकन नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमच्या 1965 च्या एका प्रयोगात रंगमंचावर अँटेना आणि प्रकाश ओळखणारे फोटोसेल होते आणि नर्तकांच्या हालचालीचा परिणाम ध्वनीवर होत होता. आधी संगीत, मग त्यावर नाच हा क्रम तिथे मोडला. 1999 मध्ये त्याच कनिंगहॅमनं नर्तकांची हालचाल मोशन कॅप्चरनं, म्हणजे शरीराची हालचाल संगणकात नोंदवणाऱ्या तंत्रानं, टिपून त्यावरून घडवलेल्या आकृत्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर टाकल्या, आणि जिवंत नर्तक त्या पडद्यामागे नाचले. तो पडदा ताणून कसा बसवायचा हा रंगतंत्राचा प्रश्न. शरीरापासून सुटून आलेली हालचाल पाहताना आपण नर्तक पाहत असतो का, हा दुसऱ्या वर्गाचा.

आणखी एक गैरसमज. तंत्रज्ञान म्हणजे स्क्रीन, सेन्सर आणि निळसर उजेड असं माहितीपत्रकांवरची छायाचित्रं बघून वाटतं, आणि विद्यापीठांनी ती छायाचित्रं आता बदलावीत. तालीमघरातला आरसा हेही तंत्रज्ञान आहे. तो आला आणि नर्तक स्वतःला बाहेरून बघून दुरुस्त करायला शिकला. बॅलेत पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायला घालतात तो बूट, 1928 साली रुडॉल्फ लाबाननं मांडलेली, हालचाल कागदावर लिहायची नृत्यलिपी, नर्तकी लोई फुलरनं कापडाचे प्रचंड घेर फिरवून त्यांवर रंगीत प्रकाश खेळवला आणि त्या पोशाखाची आणि रंगमंचावरच्या साधनांची पेटंटही घेतली, हे सगळं याच अभ्यासात येतं. ज्या अभ्यासक्रमात गेल्या वीस वर्षांच्या उपकरणांपलीकडे काही नाही, त्याला मी अर्धवट म्हणेन.

बाकीच्या फरकांवर लोक उगाच डोकं शिणवतात. विभाग नाट्याचा की नृत्याचा, पदवी कलेची की ललित कलेची, कुठलं सॉफ्टवेअर शिकवतात, यानं फारसं बिघडत नाही. सॉफ्टवेअर तर पदवी हातात येईपर्यंत बदललेलं असतं. 'आम्ही दोन्ही पूर्ण शिकवतो' असं सांगणाऱ्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाकडे मात्र संशयानं बघा. फोकस करायला हात बसावा लागतो आणि युक्तिवाद करायला वाचन मुरावं लागतं. एका वर्षात दोन्ही होत नाही.

माझं मत विचाराल तर तंत्रज्ञान अभ्यासाला जाणाऱ्यानं त्याआधी एक तरी पूर्ण प्रयोग बॅकस्टेजला काढावा, पहिल्या वाचनापासून सेट उतरवेपर्यंत. क्यू चुकल्यावर रंगमंचावरच्या माणसाचं काय होतं हे ज्यानं पाहिलेलं नाही, तो यंत्र आणि शरीर यांवर पोकळ लिहितो, आणि असं लिखाण फार झालंय. उलट सक्ती मी करणार नाही. उत्तम प्रकाशयोजनाकाराला शोधनिबंध लिहिता आलाच पाहिजे असं नाही.

अर्ज भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाचं नाव बाजूला ठेवा आणि मूल्यमापनाचं पान उघडा. शेवटच्या प्रकल्पात दिव्यांचा नकाशा, क्यू शीट आणि प्रॉम्प्ट बुक (सगळे क्यू नोंदवलेली संहितेची प्रत) मागितलं असेल तर ते रंगतंत्र. प्रयोगाचं चित्रण, प्रक्रियेची वही आणि लेखी मांडणी मागितली असेल तर तो तंत्रज्ञान अभ्यास. हे पान संकेतस्थळावर नसेल तर विभागाला लिहून मागवा, आणि त्याच पत्रात विचारा की स्टुडिओ आणि उपकरणं वर्गाच्या वेळेबाहेर किती तास मिळतात.