वऱ्हाडातली ‘स्पोर्ट्स कार’: जुन्या झेन-एस्टीममागचा इतिहास

दारव्हा, आर्णी, पांढरकवड्याकडे कापूस विकून हातात पैसे आले की जुन्या गाड्यांची चौकशी सुरू होते. बहुतेकांना मालाची गाडी हवी असते, नाहीतर अख्खं घर मावेल असं काहीतरी. पण दर हंगामात काही पोरं वेगळाच हिशेब मांडून निघतात. त्यांना मारुतीची १९९६-९७ची कार्बुरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा, हाताने लावता येणारा भाग असलेली) झेन हवी असते किंवा शेवटच्या वर्षांतली एस्टीम. नव्या मोटरसायकलपेक्षा स्वस्तात ती येते. मग गोठ्याशेजारी उभी राहते, तिचं बॉनेट महिनोन्महिने उघडं असतं, आणि घरच्यांच्या शिव्या गाडी आणि मालक निम्म्या-निम्म्या वाटून घेतात.

शंभर अश्वशक्तीही नसलेल्या, पाच माणसांच्या या डब्यांना ही पोरं स्पोर्ट्स कार समजतात. हसू येतं खरं, पण त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही.

जगात स्वस्त स्पोर्ट्स कार म्हटली की गणित ठरलेलं असायचं: दोन सीट, हलकं अंग, छोटं इंजिन, आणि मालकाला स्वतः खोलता येईल अशी रचना. इंग्लंडमध्ये १९६१मध्ये एमजी मिजेट आली, १९६२मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर. पुढे जपानच्या माझदाने १९८९मध्ये एमएक्स-५ आणून तोच प्रकार नव्याने जिवंत केला. यातली एकही आपल्याकडच्या शोरूममध्ये रीतसर आली नाही. चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे स्पिटफायर ज्या ट्रायम्फ हेराल्डच्या चासीवर बेतली होती, ती हेराल्ड १९६१पासून मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेराल्ड’ नावाने बनत होती. सांगाडा आपल्याकडे होता, मजा तिकडे राहिली. गाडी कोणी बनवायची आणि किती बनवायच्या, हे परवान्याने ठरत होतं. घरगुती गाडीसाठीच वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, तिथे दोन सीटची चैन कोण मागणार?

विदर्भात त्या काळात गाडी म्हणजे जीप किंवा फियाट. जीप मालगुजाराच्या नाहीतर पुढाऱ्याच्या दारात, फियाट डॉक्टरच्या नाहीतर जिनिंगवाल्याच्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात बनवलेली ही फियाट पुढे पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद ४० अश्वशक्ती. वेगाचं नाव नको. पण आमच्या भागाला गाडीशी खटपट करायची सवय लागली ती हिच्यामुळे. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की पेट्रोल नळीतच उकळायचं, वाफ अडकायची आणि गाडी भर रस्त्यात बंद पडायची. मग फ्यूल पंपावर ओलं फडकं टाकून लिंबाच्या सावलीत बसायचं. पॉइंट घासायचे, गॅप बसवायचा, जेट फुंकायचा, स्क्रू पाव फेरा इकडे की तिकडे हे इंजिनाच्या आवाजावरून ठरवायचं. तालुक्याच्या गॅरेजमधल्या उस्तादांनी हे सगळं कानाने शिकलं आणि हाताखालच्या पोरांना शिव्या देत शिकवलं. आजच्या खटपटीचं मूळ तिथे आहे.

१९८३च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि वजन इतकं कमी की नांगरट झालेल्या वावराशेजारच्या चिखलात फसली तर चार माणसं तिला उचलून बाहेर काढत. हलक्या गाडीला लहान इंजिनही पळवतं, हे आपल्याकडे पहिल्यांदा तिने दाखवलं. तरी तिला कोणी स्पोर्ट्स कार म्हणालं नाही. ते नाव मिळायला १९९३ उजाडावं लागलं.

त्या वर्षी प्रवासी मोटारींच्या उत्पादनावरची परवान्याची अट गेली. त्याच वर्षी झेन आली. तिचं ९९३ सीसीचं इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं, ताकद साधारण ५० अश्वशक्ती, आणि गाडीचं वजन पाऊण टनाच्या आसपास. आकडे किरकोळ वाटतात, पण पद्मिनीतून उतरून झेनमध्ये बसलेल्या माणसाला विचारा. हीच गाडी सुझुकी आल्टो या नावाने युरोपातही विकली गेली. पुढच्या वर्षी १२९८ सीसीची एस्टीम आली, सुरुवातीला ६५ अश्वशक्तीची. १९९९-२०००च्या सुमारास तिला सोळा व्हॉल्व्हचं हेड आणि इंजेक्शन (कार्बुरेटरऐवजी पेट्रोल मोजून सोडणारी यंत्रणा) मिळालं, आणि ताकद ८५वर गेली. बाहेरून ती गाडी बँक मॅनेजरची वाटायची, आतून मात्र भलतीच तिखट होती.

खरीखुरी दोन सीटची, छत उघडणारी गाडीही एकदा झाली म्हणा. १९९८मध्ये गोव्यात सॅन स्टॉर्म निघाली, रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची, फायबरच्या अंगाची. फार थोड्या बनल्या. उघड्या छताने ती आमच्या उन्हात चालवायची कल्पना ज्याला सुचेल, त्याने आधी डोक्याला दुपट्टा बांधावा.

एस्टीमला वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत जे आयुष्य लाभलं, त्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते थेट जंगलातून येतं. ताडोबा १९९५मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे मोहर्लीसारख्या प्रवेशद्वारांवर सफारीसाठी जिप्सी, म्हणजे मारुतीच्या उघड्या जीपसारख्या गाड्या, उभ्या राहू लागल्या. पेंच, मेळघाटातही तेच. १९९६च्या जिप्सी किंगमध्ये एस्टीमच्याच घराण्यातलं १.३ लिटरचं इंजिन होतं, आणि २००५मध्ये आलेल्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही त्याच कुळातलं. रोज पहाटे धुळीत पळणाऱ्या जिप्सीचं इंजिन सतत खोलावं लागतं. त्यामुळे हे इंजिन डोळे मिटून बांधणारे मिस्तरी चंद्रपूर-नागपूरकडे तयार झाले, आणि पिस्टन, रिंग, गॅस्केट दुकानात मिळत राहिली. कुठल्या पुण्या-मुंबईच्या क्लबमुळे नाही, वाघ पाहायला येणाऱ्या पर्यटकांमुळे आमच्या एस्टीम अजून चालतात, असं मी तरी मानतो.

कागदावर याहून सरस गाड्या नंतर आल्या. २०००च्या होंडा सिटी व्हीटेकची ताकद १०६ अश्वशक्ती होती, २००१च्या फियाट पालिओ १.६ची १००. पालिओच्या जाहिरातीत तर खुद्द सचिन. खेड्यात मात्र त्यांचं फारसं जमलं नाही. सुटा भाग नागपूरहून मागवायचा, तो चुकीचा निघायचा, परत मागवायचा, तोवर पेरणी येते. इथे गाडीची परीक्षा ती किती पळते यावर होत नाही, बंद पडल्यावर किती दिवसांत परत चालते यावर होते.

१९९३ नंतरची दुसरी मोठी रेघ त्याच सुमारास पडली. २०००मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आणि प्रदूषणाचे नवे निकष आले, कार्बुरेटर गेला, सेन्सर आले. कानाने गाडी लावणाऱ्या उस्तादाच्या हातातून स्क्रूड्रायव्हर सुटला आणि स्कॅनरवाला पोरगा मोठा झाला. म्हणून ‘सेन्सरच्या मागं कोन धावते’ म्हणत काही जण मुद्दाम १९९९च्या आतली झेन शोधतात. माझ्या मते हा हट्ट थोडा आंधळा आहे. नीट राखलेली इंजेक्शनवाली एस्टीम जास्त इमानदार असते. पण हट्टाला इतिहास आहे, हे कबूल.

गाडी कुठली घ्यावी, यालाही भूगोल आहे. मुंबई-कोकणातली गाडी खाऱ्या हवेने फुटबोर्डपासून सडत येते, आमच्याकडची कोरड्या हवेत टिकते. फक्त काळ्या मातीचा चिखल मडगार्डच्या आत साचून ओल धरतो, तिथे बोट घालून पाहावं. दिल्लीच्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. राजधानी परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली, आणि तिथल्या गाड्या एनओसी घेऊन इतर राज्यांत उतरू लागल्या. स्वस्त दिसतात, पण आपल्याकडे नोंदवताना रोड टॅक्स भरावा लागतो आणि स्वस्ताई तिथेच संपते.

आपल्या कायद्यात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षं वाढवून घ्यायची. त्यासाठीचं शुल्क एप्रिल २०२२पासून कारला ६०० रुपयांवरून ५,००० झालं, ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या कारला १०,०००, शिवाय हरित कर. इंजिन बदललं तर ते आरसीवर चढवावं लागतं. कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल चालणार नाही, हे २०१९मध्ये न्यायालयाने सांगितलं आहेच. मोठा सायलेन्सर लावणारी पोरं हे वाचणार नाहीत. पण एक सवलत गमतीची आहे: समृद्धी महामार्गावर मोटरसायकलला बंदी आहे, पंचवीस वर्षांच्या झेनला नाही. तापलेल्या काँक्रीटवर तिचे जुने टायर किती धीर धरतील, हा प्रश्न निराळा.

सगळ्यात नवी डोकेदुखी टाकीतली आहे. २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५मध्ये देशाने ते उद्दिष्ट गाठलं. या गाड्यांच्या रबरी नळ्या, डायफ्रॅम, सील त्यासाठी बनलेले नाहीत, ते फुगतात, नाहीतर चिरतात. त्यात इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पेरणीपासून दसऱ्यापर्यंत गोठ्यात उभ्या राहिलेल्या झेनचा कार्बुरेटर उघडला की तळाशी पांढरट गाळ सापडतो. त्यामुळे आता दसऱ्याला गाडी पुसून हार घालायच्या आधी मिस्तरी टाकीखाली बादली ठेवतो.